सर रोनाल्ड रॉस : डासांचा माग काढणारा वैद्य

एकाच घरांत, एकाच अंथरुणावर दोन भावंडें निजतात; सकाळीं पाहावें तों एकाचे हातपाय डासांनीं फोडून काढलेले, आणि दुसऱ्याला त्याचा पत्ताही नाहीं. आजी लागलीच निर्णय देते कीं, ह्याचें रक्त गोड आहे. गांवांच्या बाबतींतही असाच प्रकार दिसतो. एक वाडी संध्याकाळीं अंगणांत सुखानें गप्पा मारीत बसते, आणि तिच्यापासून अर्ध्या मैलावरील दुसऱ्या वाडींत दिवे लागले कीं धुराशिवाय बसणें अशक्य होतें. येथें मात्र गोड रक्ताचा सिद्धांत लागू पडत नाहीं. मग तेथील हवाच वाईट, पाणीच वाईट, असें म्हणून आपण मोकळे होतों. परंतु ह्या साध्या प्रश्नाच्या पाठीस लागून एका मनुष्यानें आपल्या आयुष्याचीं ऐन उमेदीचीं वर्षें वेचलीं, आणि त्यांतून मानवजातीच्या एका फार जुन्या वैऱ्याचा ठावठिकाणा लागला. तो मनुष्य म्हणजे सर रोनाल्ड रॉस. त्यांचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना ठाऊक असावें असें वाटतें. कारण त्यांतील महत्त्वाचा भाग आपल्याच देशांत घडला आहे.

रोनाल्ड रॉस यांचा जन्म हिमालयाच्या कुशींतील अल्मोडा येथें ता. १३ मे १८५७ रोजीं झाला. मीरत येथें शिपायांचा उठाव होऊन त्या वेळीं अवघे तीन दिवस लोटले होते. वडील कॅम्पबेल रॉस हे हिंदुस्थानांतील सैन्यांत अधिकारी असून पुढें जनरलच्या पदास चढले. दहा भावंडांत रोनाल्ड सर्वांत वडील. त्या काळीं इकडील गोऱ्या अधिकाऱ्यांच्या घरीं जी रीत होती तिला अनुसरून आठव्या वर्षींच त्याला इंग्लंडांत नातलगांकडे पाठविण्यांत आलें. मुलगा बुद्धिमान होता. पण त्याची बुद्धि एका वाटेनें जाईल तर शपथ! चित्रें काढावीं, वाद्यें वाजवावीं, कविता रचाव्या, असा त्याचा सारा ओढा. गणितांतही तो चमकला व त्याबद्दल शाळेंत त्याला ग्रहताऱ्यांविषयींचें एक पुस्तक बक्षीस मिळालें. ह्या बक्षिसाची आठवण वाचकांनीं ठेवावी. तिचा संबंध पुढें येणार आहे.

आपण चित्रकार किंवा लेखक व्हावें असें मुलाच्या मनांत, आणि त्यानें वैद्यकी शिकून हिंदुस्थानच्या सरकारी वैद्यकखात्यांत शिरावें असें वडिलांच्या मनांत. अर्थात् वडिलांचें झालें. सन १८७४ मध्यें रोनाल्ड लंडन येथील सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या विद्यालयांत दाखल झाला. तेथेंही त्याचें पुष्कळसें लक्ष काव्य व नाटकें ह्यांकडेच होतें, आणि त्याचें फळही मिळालें : शस्त्रवैद्यांची परीक्षा तो १८७९ मध्यें उतरला, पण औषधशास्त्राच्या दुसऱ्या परीक्षेंत नापास झाला. वडील रागावले. मुलानें त्यांच्या पैशावर राहण्याचें नाकारून अटलांटिक महासागरावर ये-जा करणाऱ्या आगबोटीवर डॉक्टरची नोकरी धरली, आणि १८८१ मध्यें राहिलेली परीक्षा देऊन तो हिंदुस्थानांत आला. ज्या पालकांचीं मुलें एखाद्या परीक्षेंत घसरलीं असतील त्यांनीं हा मजकूर मुलांना दाखवावा कीं न दाखवावा, ह्याचा विचार त्यांनींच करावा!

आतां बंगळूरची हकीगत सांगतों. सन १८८३ मध्यें रॉस तेथील लष्करी छावणींत वैद्य म्हणून होते. राहावयास बंगला चांगला मिळाला होता. पण त्यांत डासांचा विलक्षण उपद्रव. चमत्कार असा कीं, शेजारच्या बंगल्यांपेक्षां ह्यांच्याच खोलींत ते अधिक. दुसरा कोणी असता तर मच्छरदाणी लावून स्वस्थ निजला असता. रॉस यांनीं कारण शोधण्यास आरंभ केला. खिडकीबाहेर पाण्यानें भरलेलें एक पिंप होतें, त्याच्याभोंवतीं डास घोंघावत होते. आंत डोकावून पाहतात तों पाण्यांत असंख्य लहान अळ्या वळवळत आहेत! त्यांनीं तें पिंप उपडें करविलें, आणि थोड्याच दिवसांत खोलींतील डास कमी झाले.

ह्यांत नवल तें काय, असें आज कोणीही विचारील. डासाची मादी साचलेल्या पाण्यावर अंडीं घालते. अंड्यांतून अळी निघते, अळीचा कोश बनतो आणि कोशांतून पंख फुटलेला डास उडतो. उष्ण दिवसांत हा सारा व्यवहार आठदहा दिवसांत आटोपतो. फुलदाणी, कुंडीखालची थाळी, फुटका डबा, झांकण नसलेला रांजण, ह्यांपैकीं कांहींही त्याला पुरतें. पण त्या काळीं डास दूरच्या दलदलींतून व झाडाझुडपांतून येतात असाच बहुतेकांचा समज होता. रॉस यांना दिसून आलें कीं, आपल्याला चावणारा डास बहुधा आपल्याच दाराशीं जन्मलेला असतो.

हर्षभरित होऊन त्यांनीं ही गोष्ट पलटणीच्या ॲडज्युटंटला सांगितली, आणि अधिकाऱ्यांच्या भोजनगृहांतील टब, फुलदाण्या व अंगणांतले जुने डबे रिकामे करवावे अशी सूचना केली. त्या गृहस्थानें ती साफ नाकारली. सृष्टीच्या व्यवस्थेंत ढवळाढवळ करणें त्याला पसंत नव्हतें. डास ज्या अर्थीं निर्माण झाले आहेत त्या अर्थीं ते सोसलेच पाहिजेत, असा त्याचा अभिप्राय पडला. मनुष्याच्या आळसाला सृष्टिनियमाचें नांव देण्याची ही खोड त्या एका ॲडज्युटंटपुरती नव्हती. रॉस यांना ती जन्मभर भेटत राहिली, आणि माझ्या मतें त्यांच्या चरित्राचें खरें मर्म येथेंच आहे. पुढें डासाच्या पोटांतला जंतु त्यांना सांपडला, पण दुसऱ्याच्या दारांतलें पिंप उपडें करविणें त्याहून कठीण ठरलें.

ह्यानंतर कांहीं वर्षें मद्रासकडे व ब्रह्मदेशांत नोकरीच्या फेऱ्यांत गेलीं. रजेवर असतां त्यांनीं सार्वजनिक आरोग्याची पदविका मिळविली, जंतुशास्त्राचा अभ्यास केला, आणि १८८९ मध्यें रोझा ब्लॉक्सम ह्यांच्याशीं विवाह केला. कादंबरी व काव्य लिहिणें चालूच होतें. परंतु भोंवतालीं हिवतापानें माणसें मरत होतीं, आणि त्या रोगाचें कारण कोणासही नीट ठाऊक नव्हतें. त्याचें इंग्रजींतील मलेरिया हें नांवच मुळीं वाईट हवा अशा अर्थाच्या इतालियन शब्दांवरून पडलेलें आहे. दलदलीवरून विषारी वाफ उठते व ती श्वासाबरोबर आंत जाते, अशी शेंकडों वर्षांची समजूत होती. सन १८८० मध्यें लाव्हरान नांवाच्या फ्रेंच लष्करी वैद्यानें अल्जीरियांत रोग्याच्या रक्तांत एक सूक्ष्म परोपजीवी जंतु पाहिला. पण रॉस यांचा त्यावर विश्वास बसेना, कारण कितीही रक्त तपासलें तरी त्यांना तो दिसत नव्हता. सन १८९४ मध्यें ते रजेवर लंडनला गेले असतां डॉक्टर पॅट्रिक मॅन्सन यांनीं त्यांना तो सूक्ष्मदर्शक यंत्रांतून प्रत्यक्ष दाखविला, आणि हा जंतु रक्ताबरोबर डासाच्या पोटांत जात असावा अशी आपली कल्पनाही सांगितली. डास पुढें पाण्यावर मरतो आणि तें पाणी पिण्यांत आल्यानें मनुष्याला ताप येतो, असें मॅन्सन यांचें अनुमान होतें. त्यांतला पूर्वार्ध खरा निघाला, उत्तरार्ध चुकीचा. पण रॉस यांना दिशा मिळाली ती येथेंच.

सन १८९५ मध्यें ते मुंबई बंदरांत उतरले तेव्हां जकातीच्या कचेरींतून सामान सुटण्यापूर्वींच ते येथील रुग्णालयांत हिवतापाचे रोगी शोधण्यास गेले. मुंबईच्या वाचकांना हा प्रसंग ऐकून कौतुक वाटेल. तेथून ते सिकंदराबादेस आपल्या पलटणींत रुजू झाले, आणि मग जें काम सुरू झालें त्याची कल्पना आज करणें कठीण आहे. डासाची लांबी तांदळाच्या दाण्याहून कमी. त्याचें पोट सुईनें फाडावयाचें, आणि त्याचा कण न् कण भिंगाखालीं तपासावयाचा. कोणत्या जातीच्या डासांत काय शोधावयाचें हें ठाऊक नाहीं. डासांच्या जातींवर पुस्तकही हाताशीं नाहीं. रॉस हे आपल्यापुरतीं राखी डास, ठिपक्यांचे डास अशीं नांवें ठेवून काम करीत. रोगी मच्छरदाणींत निजे, आंत डास सोडीत, आणि जेवढे डास रक्त पिऊन फुगत तेवढे आणे त्या रोग्याला देत.

ह्या काळांतील एक गोष्ट मनाला टोंचते. मॅन्सन यांचें अनुमान ताडून पाहण्यासाठीं, ज्यांत डास मेले होते असें पाणी रॉस यांनीं कांहीं माणसांना पाजलें. लछमन नांवाच्या एका नोकराला त्यानंतर ताप आला. तो कांहीं दिवसांत उतरला, व त्याच्या रक्तांत हिवतापाचे जंतु मिळाले नाहींत. इतरांना कांहींच झालें नाहीं. हीं माणसें राजी होतीं हें खरें. परंतु गरिबानें साहेबाला दिलेला होकार कितपत मोकळा असतो, हा प्रश्न उरतोच. आजच्या वैद्यकशास्त्रांत असे प्रयोग करण्यापूर्वीं फार कडक नियम पाळावे लागतात, हें योग्यच झालें. थोर पुरुषाचें चरित्र सांगतांना असला भाग गाळणें मला उचित वाटत नाहीं.

दोन वर्षें हातीं कांहींच लागलें नाहीं. मध्यंतरीं पटकीची सांथ आल्यामुळें बंगळूरास बदली झाली, तिकडे वेळ गेला. सन १८९७ च्या वसंतांत ते उटकमंडजवळच्या सिगूर घाटांत हिवतापाची पाहणी करण्यास गेले आणि स्वतःच त्या तापानें अंथरुणास खिळले. मात्र त्या भागांत पंखांवर ठिपके असलेला एक निराळाच डास त्यांच्या नजरेस पडला. तो भिंतीवर बसतांना इतरांसारखा समांतर न बसतां शेपूट वर करून तिरपा बसे. आपण आजवर भलत्याच जातीचे डास फाडीत होतों कीं काय, अशी शंका मनांत उभी राहिली. ती शंका खरी होती. ज्याला आज ॲनॉफिलिस म्हणतात त्याच वंशांतील डास मनुष्याला हिवताप देतात. शेंकडों डास चावूनही एका गांवाला ताप नाहीं आणि थोडे डास असूनही दुसरें गांव तापानें बेजार, ह्या कोड्याचा एक उलगडा येथें आहे. घाण गटारांत वाढणारा क्यूलेक्स झोंप उडवितो, पण हिवताप देत नाहीं. घरांतील भांड्यांत वाढणारा व दिवसा चावणारा एडिस हा डेंग्यू देतो. आणि ॲनॉफिलिसाच्या पुष्कळ जाती अशा कीं, दिसण्यांत स्वच्छ असलेलें पाणीच त्यांना आवडतें.

ऑगस्ट महिना उजाडला. सिकंदराबादेजवळ बेगमपेठ येथील लहानशा रुग्णालयांत उकाडा भयंकर होता. पंखा ओढविला तर फाडलेले डास उडून जातील, म्हणून पंखा बंद. घामानें सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले, एक भिंग तडकलें, आणि बारीक माशा डोळ्यांवर व कानांवर तुटून पडत. अळ्यांपासून वाढविलेले कांहीं तपकिरी, ठिपक्यांच्या पंखांचे डास हातीं आले होते. ता. १६ रोजीं हुसेनखान नांवाच्या हिवतापाच्या रोग्याचें रक्त ते डास प्याले; त्याबद्दल त्याला एका डासास एक आणा ह्या दरानें मोबदला मिळाला. त्यांतील कांहीं डास मेले, कांहीं फाडले गेले. ता. २० ऑगस्ट १८९७ रोजीं थोडेच उरले होते. डोळे थकले होते, आणि त्या दिवशींचा डासही जवळजवळ पुरा तपासून झाला होता; केवळ जठराची भिंत पाहावयाची राहिली होती. तेथें रॉस यांना एक वाटोळी पेशी दिसली. डासाच्या जठराच्या भिंतींत अशी पेशी त्यांनीं पूर्वीं कधीं पाहिली नव्हती. तिच्यांत काळ्या रंगाचे बारीक कण होते, अगदीं मनुष्याच्या रक्तांतील हिवतापाच्या जंतूंत असतात तसे. दुसऱ्या दिवशीं आणखी एक डास फाडला. त्यांत तशाच पेशी, पण आकारानें मोठ्या. म्हणजे जंतु डासाच्या शरीरांत जिवंत राहून वाढत होता. त्या रात्रीं रॉस यांनीं आपल्या आनंदाची कविता लिहिली. विसाव्या ऑगस्टचा हा दिवस आजही जगांत डास-दिन म्हणून पाळला जातो.

पुढें काय व्हावें? सरकारनें त्यांना साहाय्य देऊन काम पुरें करविलें असतें असें कोणालाही वाटेल. परंतु महिना उलटला नाहीं तोंच बदलीचा हुकूम आला, आणि मुंबईवरून त्यांना राजपुतान्यांतील खेरवाडा ह्या आडजागीं धाडण्यांत आलें. तेथें हिवतापाचे रोगी जवळजवळ नव्हतेच! मॅन्सन यांनीं विलायतेंत खटपट केली, तेव्हां १८९८ च्या फेब्रुवारींत त्यांची कलकत्त्यास विशेष कामगिरीवर नेमणूक झाली. तेथें दुसरेंच विघ्न. प्लेगच्या भीतीनें शहर खवळलेलें. बोटाला सुई टोंचणारा साहेब पाहिला कीं लोक पळत सुटत. तेव्हां रॉस पक्ष्यांकडे वळले, कारण चिमण्यांनाही हिवतापाच्या जातीचा एक रोग होतो, आणि तो क्यूलेक्स वंशांतील डासांमार्फत पसरतो. महंमद बक्ष नांवाचा सहायक गल्लोगल्लीं डास व अळ्या गोळा करून आणी. त्याचें नांव ह्या शोधाच्या इतिहासांत राहिलें आहे हें चांगलें झालें. जुलै महिन्यांत जंतूंचा पुढचा प्रवास रॉस यांना उलगडला : जठराच्या भिंतीवरील पेशी फुटतात, त्यांतून निघालेले सूतासारखे जंतु डासाच्या लाळेच्या ग्रंथींत जाऊन बसतात, आणि डास चावतांना लाळेबरोबर ते दुसऱ्याच्या रक्तांत शिरतात. असे डास निरोगी चिमण्यांना चावूं दिले तों त्या चिमण्यांना रोग जडला. पाणी पिण्यानें नव्हे, हवेनेंही नव्हे, दंशानें.

त्याच वर्षाच्या अखेरीस इटलींत ग्रासी व त्यांच्या सोबत्यांनीं मनुष्याच्या हिवतापाचें संपूर्ण चक्र ॲनॉफिलिस डासांत दाखवून दिलें. येथून मानाचा वाद पेटला. नोबेल पारितोषिक १९०२ मध्यें एकट्या रॉस यांना मिळालें. ग्रासी यांच्यावर त्यांनीं जी टीका चालविली ती वाचून खेद होतो. ज्या मॅन्सन यांनीं त्यांचा हात धरला त्यांच्याशींही पुढें त्यांचें बिनसलें. त्यांचा स्वभाव तापट व मानी होता, आणि आपली उपेक्षा झाली हें शल्य त्यांनीं फार जपलें. माझ्या मतें पक्ष्यांवरील शोधाचा व मार्ग उघडल्याचा मान रॉस यांचा, आणि मनुष्याला लागू पडणारी पूर्ण सिद्धता इतालियन शास्त्रज्ञांची. दोघांनाही पुरेल इतकी कीर्ति त्यांत होती.

सन १८९९ मध्यें नोकरी सोडून रॉस लिव्हरपूल येथील उष्णदेशीय रोगांच्या विद्यालयांत शिकवूं लागले. पण वर्गांत बसून राहणें त्यांच्या प्रकृतीला मानवणारें नव्हतें. त्याच वर्षीं ते पश्चिम आफ्रिकेंत सिएरा लिओन येथें गेले, आणि तेथील रस्त्यांवरच्या पावसाच्या डबक्यांत ॲनॉफिलिसाच्या अळ्या त्यांनीं शोधून काढल्या. डबकीं बुजविण्याचा प्रयत्न तेथें झाला, पण नेटानें चालला नाहीं. खरें यश आलें तें सुवेझ कालव्यावरील इस्माइलिया शहरीं. वाळवंटांतल्या ह्या शहरांत हिवताप मुळींच नव्हता. गोड्या पाण्याचा कालवा आला, बागा झाल्या, झिरपणाऱ्या पाण्याचीं तळीं साचलीं, आणि १८७७ पासून ताप सुरू झाला. येथें हवा तीच, माणसें तींच. नवें आलें तें केवळ साचलेलें पाणी. सन १९०२ मध्यें कालव्याच्या कंपनीनें रॉस यांना बोलाविलें. दलदल निचरली, खड्डे बुजविले, घराघरांतील साठ्यांवर देखरेख ठेवली. त्या वर्षीं दीड हजारांवर रोगी होते. १९०५ मध्यें पन्नासही राहिले नाहींत. बंगळूरच्या ॲडज्युटंटनें नाकारलेली सूचना वीस वर्षांनीं एका शहरानें मानली, त्याचें हें फळ.

आतां त्या गणिताच्या बक्षिसाकडे वळूं. सगळे डास मारणें अशक्य. बाहेरून नवे येणारच. मग हा खटाटोप व्यर्थ नव्हे काय, असा आक्षेप रॉस यांच्यावर वारंवार घेतला जाई. त्याचें उत्तर त्यांनीं १९०४ मध्यें अमेरिकेंतील सेंट लुई येथील परिषदेंत गणितानें दिलें. डास सरळ रेषेंत उडत नाहीं. एक उड्डाण इकडे, दुसरें तिकडे, कधीं उलट मागें. अशा भरकटणाऱ्या प्राण्यानें शंभर उड्डाणें केलीं तरी तो सरासरीनें मूळ जागेपासून सुमारें दहा उड्डाणांइतकाच दूर जातो. म्हणून बहुतेक डास जन्मस्थानाच्या आसपासच आपलें आयुष्य घालवितात, आणि एखाद्या मोठ्या टापूंतील पाणी साफ केलें तर त्याच्या मध्यभागीं बाहेरचे डास थोडेच पोंचतात. एक वाडी सुखी व दुसरी त्रस्त कां, ह्याचें उत्तर ह्या हिशोबांत आहे. ह्याच प्रश्नाची मदत त्यांनीं कार्ल पिअर्सन ह्या गणितज्ञाकडे मागितली होती, आणि पिअर्सन यांनीं १९०५ मध्यें तो प्रसिद्ध केल्यावर त्यांतून गणिताची एक नवी शाखाच वाढली. पुढें १९०७-०८ मध्यें मॉरिशस बेटाची पाहणी करतांना रॉस यांनीं आणखी एक गोष्ट सिद्ध केली : हिवताप नाहींसा करण्यास एकूण एक डास मारावा लागत नाहीं. माणशीं डासांची संख्या एका ठराविक मर्यादेखालीं उतरली कीं, नवे रोगी होण्याचें प्रमाण बरे होणाऱ्यांपेक्षां कमी पडतें, आणि रोग आपोआप विझत जातो. सांथींचे अंदाज बांधणारे शास्त्रज्ञ आजही ह्याच पायावर काम करतात.

आपल्या प्रांताचा ह्या विषयाशीं आणखी एक संबंध आहे. वऱ्हाडांतील एलिचपूर, म्हणजे आजचें अचलपूर, येथें डॉ. लिस्टन यांनीं ॲनॉफिलिसांचें निरीक्षण करून १९०१ मध्यें स्टीफेन्सी ह्या जातीचें वर्णन प्रसिद्ध केलें. हीच जात मुंबईच्या हिवतापाचें कारण आहे असें १९११ मध्यें डॉ. बेंटली यांच्या पाहणींत दिसून आलें. ती गटारांत नव्हे, तर विहिरींत व पाण्याच्या टाक्यांत वाढते. विहिरी झांकाव्या किंवा बुजवाव्या असें ठरतांच धर्मकृत्यांना विहिरीचें पाणी लागतें म्हणून मोठा विरोध झाला. तोही समजण्यासारखा होता, कारण विहीर हें घरच्या देवधर्माचें अंग आहे, फुटका डबा नव्हे. हीच स्टीफेन्सी २०१२ मध्यें आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील जिबूती येथें व नंतर इथियोपियांतही आढळली, आणि तेथील शहरांतल्या टाक्या व पिंपांत वाढून तिनें नवी काळजी उत्पन्न केली आहे.

आजीच्या गोड रक्ताचें काय, असें विद्यार्थी विचारतील. एकाच अंथरुणावरील दोन भावंडांतील फरक रॉस यांना उलगडला नव्हता. तो त्यांच्या पश्चात् हळूहळू कळूं लागला आहे. डासाची केवळ मादी चावते, तीही अंड्यांच्या पोषणासाठीं. आपल्या श्वासांतील कार्बनी वायु तिला दुरून कळतो; जवळ आल्यावर अंगाची ऊब, ओलावा व त्वचेचा वास तिला ओढतात. हा वास त्वचेवरील निरुपद्रवी जंतु तयार करतात, आणि तो माणसामाणसांगणिक वेगळा असतो. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठांत २०२२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें दिसलें कीं, ज्यांच्या त्वचेवर कांहीं विशिष्ट स्निग्धाम्लें अधिक असतात त्यांच्याकडे एडिस डास अधिक धांवतात. जुळ्या भावंडांच्या तपासणीवरून ह्यांत आनुवंशिकतेचाही भाग दिसतो. गरोदर स्त्रियांना डास अधिक गांठतात असें आफ्रिकेंतील गॅम्बियांत आढळून आलें आहे, आणि ही गोष्ट प्रत्येक घरानें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे, कारण त्या स्थितींत हिवताप आईला व बाळाला दोघांनाही घातक होतो. तेव्हां आजीचें निरीक्षण खरें, कारण मात्र रक्तांत नसून कातडीवर व श्वासांत आहे. पण दोन भावंडांतला हा फरक लहान. ज्याच्या झोंपडीच्या दाराशीं डबकें आहे, खिडकीला जाळी नाहीं, अंथरुणावर मच्छरदाणी नाहीं आणि पाणी दोन दिवसांनीं येतें म्हणून भांड्यांत सांठवावें लागतें, त्याच्यांत व पक्क्या घरांतल्या मनुष्यांत जो फरक आहे तो फार मोठा.

रॉस यांना १९११ मध्यें सर हा किताब मिळाला. सन १९१४ च्या ऑगस्टांत महायुद्धाच्या पहिल्याच महिन्यांत त्यांचा वडील मुलगा फ्रान्समध्यें ल काटो येथें पडला. आत्मचरित्र १९२३ मध्यें प्रसिद्ध झालें, आणि त्यांतील लेखनाचा गौरवही झाला. लेखक होण्याची मूळची हौस अशी उशिरां कां होईना पुरी झाली. त्यांच्या नांवाची संस्था व रुग्णालय लंडनांत १९२६ मध्यें उघडण्यांत आलें. कलकत्त्याच्या ज्या रुग्णालयांत त्यांनीं चिमण्यांवर प्रयोग केले तेथें त्यांच्या स्मरणार्थ वेस उभारण्यांत आली, आणि १९२७ च्या जानेवारींत ती उघडण्यास ते स्वतः पुन्हां हिंदुस्थानांत आले. वेशीवर त्यांच्या त्या जुन्या कवितेच्या ओळी कोरलेल्या आहेत. त्याच वर्षीं त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पत्नी १९३१ मध्यें वारली, ता. १६ सप्टेंबर १९३२ रोजीं, वयाच्या शहात्तराव्या वर्षीं, रॉसही गेले, आणि लंडनांतील पटनी व्हेल येथें तिच्या शेजारींच त्यांना मूठमाती देण्यांत आली.